पऱ्हाटीचं खत करून दाखवणारा साहेब : अल्बर्ट हॉवर्ड आणि इंदूरचा खतखड्डा

कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरात उरते ती पऱ्हाटी. कुणी चुलीला नेतं, कुणी बांधावर रचून ठेवतं, आणि बरेच जण काडी लावून मोकळे होतात. उपटायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि पुढच्या पिकासाठी रान तर मोकळं पाहिजे. अडचण खरीच आहे.

पण याच काडीकचऱ्यापायी एका इंग्रज शास्त्रज्ञानं आपल्या शेजारच्या इंदुरात सात वर्षं घालवली. होळकरांच्या राज्यात, काळ्या मातीत, कापसाच्याच पट्ट्यात. त्यानं तिथं जी पद्धत बसवली ती पुढं केनियाच्या कॉफीच्या मळ्यांत गेली, आसामच्या आणि श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत गेली. आज सेंद्रिय शेती म्हणून जे काही जगभर चालतं, त्याचा एक मोठा धागा त्या इंदूरच्या खड्ड्यापाशी येऊन पोचतो. त्या माणसाचं नाव अल्बर्ट हॉवर्ड. आपल्याकडं जुन्या शेतीच्या पुस्तकात "इंदूर पद्धत" एवढेच दोन शब्द सापडतात, माणूस मात्र कुणाला फारसा माहीत नाही.

शेतकऱ्याचा पोरगा, पण प्रयोगशाळेत अडकलेला

हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 चा. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात बिशप्स कॅसल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. बाप शेतकरी. घरात गुरंढोरं, शेणकूर, हंगामाची धावपळ सगळं लहानपणापासून बघितलेलं. पोरगं हुशार निघालं, लंडनला शिकलं, मग केंब्रिजला गेलं आणि तिथं पहिल्या वर्गात पास झालं. वर शेतीची पदविकाही घेतली.

1899 मध्ये नोकरी लागली ती थेट वेस्ट इंडिजला, बार्बाडोस बेटावर. काम काय, तर उसावर आणि इतर पिकांवर येणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं आणि शेतकऱ्यांना सल्ले द्यायचे. इथं गड्याला एक गोष्ट खुपायला लागली. आपण लोकांना उपाय सांगतो, पण आपल्याकडं स्वतःची वीतभर जमीन नाही. सांगितलेला उपाय आपण स्वतः कधी करून पाहिलेला नाही. रोग बघायचा तर पानावर बघायचा, झाड कुठल्या मातीत उभं आहे ते कुणी विचारत नाही. असले सल्लागार आपल्याही ओळखीचे आहेत, त्यामुळं यावर जास्त बोलायला नको.

तिथून ते इंग्लंडला परतले. केंट परगण्यातल्या वाय इथल्या शेती कॉलेजात काही काळ काम केलं आणि 1905 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत आले. बिहारमध्ये पुसा इथं नवी शेती संशोधन संस्था उभी राहत होती. हेन्री फिप्स नावाच्या अमेरिकन श्रीमंतानं दिलेल्या देणगीतून तिचं काम सुरू झालं होतं. हॉवर्ड तिथं वनस्पतितज्ज्ञ म्हणून रुजू झाले. (1934 च्या बिहार भूकंपात पुसाची इमारत पडली आणि संस्था दिल्लीला गेली. दिल्लीच्या शेती संस्थेला अजून लोक पुसा म्हणतात ते त्यामुळं.)

दोघांचा संसार, दोघांची शेती

त्याच 1905 साली त्यांचं लग्न झालं. बायको गॅब्रिएल मॅथाय. ही बाई नुसती साहेबाची मडम नव्हती. केंब्रिजला झाडं उजेडात अन्न कसं तयार करतात आणि उष्णतेचा त्यावर काय परिणाम होतो, यावर तिनं लग्नाआधीच नाव घेण्यासारखं संशोधन केलं होतं. पुशाला आल्यावर काही वर्षं ती नवऱ्याच्या बरोबरीनं काम करत राहिली. 1910 मध्ये सरकारनं तिला मदतनीस म्हणून नेमलं आणि 1913 मध्ये स्वतंत्र पद दिलं. त्या काळात सरकारी संशोधनात बाईला असं पद मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. गव्हाची पुसा 4, पुसा 12 ही वाणं या दोघांच्या कामातून आली आणि उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. पुढं जे काही हॉवर्ड यांच्या एकट्याच्या नावावर लागलं, त्यातलं बरंचसं दोघांचं होतं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

पुशाला हॉवर्ड यांनी एक हट्ट धरला. मला माझी जमीन द्या, त्यात मी काय करतो ते कुणी विचारू नका. 75 एकर मिळाली. मग ते आजूबाजूच्या गावांत हिंडले. बिहारचा शेतकरी औषध फवारत नव्हता, गोणीतलं खत त्यानं बघितलंही नव्हतं, तरी त्याच्या पिकावर रोग फारसा दिसत नव्हता. हॉवर्ड यांनी ठरवलं की हाच आपला गुरू. दुसरा गुरू म्हणजे कीड. ज्या पिकावर कीड पडते ते पीक कुठंतरी अडचणीत आहे, जमीन बिघडली आहे किंवा वाण त्या जागेचं नाही, असं समजून ते मुळाशी जायला लागले. साहेबानं शेतकऱ्याकडं शिकायला जावं, तेही 1905 च्या सुमाराला, हे थोडं नवलाचंच.

मुळाशी जाणं हे त्यांनी शब्दशः केलं. फळझाडांच्या मुळांभोवतीची माती पाण्यानं धुऊन काढायची आणि मुळी कुठं गेली, कधी गेली ते बघायचं. काही झाडांखाली त्यांनी मुद्दाम गवत वाढू दिलं. झाडं खंगायला लागली. पाणी तर होतं, मग खंगली कशानं? गवताच्या जाळीमुळं खाली हवा पोचेना, आणि जमिनीत तयार होणारा नत्र गवत वरच्या वर खाऊन टाकत होतं. चर खणून मुळांना हवा दिली की झाड सुधारायचं. माती ही नुसती झाडाला उभं करणारी वस्तू नाही, तिच्या आत कुणीतरी श्वास घेतंय, हे त्यांना इथं पक्कं कळलं. 1910 ते 1918 या काळात उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला जात, तिथल्या फळबागांवर आणि कमी पाण्यावर गहू काढण्यावर काम करत. तिथंही हाच विचार पुढं गेला.

पुशाच्या बैलांची गोष्ट त्यांनी पुढं आयुष्यभर सांगितली. त्यांच्याकडं सहा बैलजोड्या होत्या, हिरव्या आणि चांगल्या चाऱ्यावर वाढवलेल्या. शेजारीच, बुटक्या कुंपणापलीकडं संस्थेचा मोठा गोठा. तिथं लाळ्या-खुरकूत वरचेवर यायची. हॉवर्ड यांचे बैल त्या आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावायचे, तरी त्यांना काही झालं नाही. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की चांगल्या मातीतला चारा खाणारं जनावर रोगाला दाद देत नाही. इथं मात्र त्यांचं सगळं मानून चालणार नाही. डझनभर बैलांचं निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. लाळ्या-खुरकूत हा विषाणूचा रोग आहे, त्याला लसच लागते. हॉवर्ड मोठे असले तरी या गोष्टीच्या भरवशावर कुणी लस चुकवू नका.

इंदूरचे दिवस

पुशाला एक गोष्ट त्यांना पटत नव्हती. तिथं रसायनवाले वेगळे, जंतुशास्त्रवाले वेगळे, कीडवाले वेगळे, बुरशीवाले वेगळे. एकाच झाडाचे पाच तुकडे करून पाच खोल्यांत वाटलेले. पूर्ण पीक एकाच जागी अभ्यासायला वेगळी संस्था पाहिजे म्हणून त्यांनी बरीच खटपट केली. कापसाच्या मध्यवर्ती समितीनं आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांनी पैसा दिला. इंदूरच्या होळकर दरबारानं 300 एकर जमीन भाडेपट्ट्यानं दिली. 1924 मध्ये संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले.

जमीन आपल्यासारखीच. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, पाणी साचलं की पिवळी पडणारी कपाशी. त्यांनी आधी पाण्याचा निचरा सुधारला. मजुरांचे तास कमी केले, पगार वेळेवर दिला, राहायला नीट जागा दिली. त्यावर नवरा-बायकोनं एक लेखही लिहिला होता. आणि मग मोठा प्रश्न हातात घेतला, जमिनीत सेंद्रिय पदार्थ आणायचा कुठून?

शेण? ते तर गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. मूत्र गोठ्याच्या मातीत जिरून जायचं. जनावराच्या मूत्रात नत्र आणि पालाश भरपूर असतं, तेच वाया. काडीकचरा पुष्कळ, पण पऱ्हाटी, तुऱ्हाटी ही लाकडासारखी, लवकर कुजत नाही. हिरवळीचं खत म्हणून ताग गाडायचा म्हटलं तर पाऊस नीट नसला की तो कुजत नाही, आणि पाऊस जास्त झाला की हवा कोंडून सडतो. युरोपात त्याच सुमारास इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेत हचिन्सन आणि रिचर्ड्स या दोघांनी पेंढ्यावर रसायन टाकून खत करायची पद्धत काढली होती. ती विकत घ्यावी लागायची. चीनमधले शेतकरी शतकानुशतकं काडीकचरा, गाळ आणि मैला एकत्र कुजवून वापरतात, हे फ्रँकलिन किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1911 च्या पुस्तकात हॉवर्ड यांनी वाचलं होतं. त्यांनी चीनची कल्पना घेतली, आपल्या शेतकऱ्याचा उकिरडा घेतला आणि त्याला मोजमाप लावलं.

या कामात त्यांच्या बरोबर एक रसायनतज्ज्ञ होते, यशवंत वाड. संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक. मातीचे, खताचे नमुने घेऊन प्रत्येक टप्प्यावर काय बदलतं ते तपासायचं काम त्यांच्याकडं होतं. 1931 मध्ये शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवर जे पुस्तक निघालं, त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावं आहेत. इंदूर पद्धतीचं ते मूळ पुस्तक. परदेशात लोक हॉवर्ड यांचं नाव घेतात आणि वाड यांचं विसरतात. निदान आपण तरी विसरू नये.

खड्ड्यात नेमकं काय चालायचं

पऱ्हाटीचा प्रश्न त्यांनी फार साध्या युक्तीनं सोडवला. शेतातल्या रस्त्यावर पऱ्हाट्या अंथरून टाकायच्या. बैलगाड्या त्यावरून जायच्या, माणसं-जनावरं तुडवायची. काही दिवसांत त्याचा भुसकट चुरा व्हायचा. हा चुरा, पालापाचोळा, तण, धसकटं असं सगळं मिसळून गोठ्यात जनावरांच्या खाली रात्री पसरायचं. सकाळपर्यंत त्याला शेण-मूत लागलेलं असायचं. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवलेली, मूत्र त्यात मुरायचं, आणि दर तीन-चार महिन्यांनी वरची वीतभर माती खरवडून खतासाठी काढायची, तिथं नवी माती भरायची. या मूतमातीला त्यांच्या पद्धतीत फार किंमत होती.

खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल, बाजू उतरत्या. आपण उकिरड्याचा खड्डा पुरुषभर खणतो, तिथं ते नेमकं उलट करत होते, कारण त्यांना तळापर्यंत हवा हवी होती. तळाला गोठ्यातला तो अंथरलेला कचरा, त्यावर शेण, मूतमाती, लाकडाची राख आणि आधीच्या खड्ड्यातलं थोडं अर्धवट कुजलेलं खत पाण्यात कालवून केलेला काला शिंपडायचा. पुन्हा थर, पुन्हा काला. काडीकचरा तीन भाग आणि जनावरांचा भाग एक, असं अंदाजे मापानं प्रमाण. खड्डा आठवड्याच्या आत भरून टाकायचा, तुडवायचा नाही. ओल पिळून घेतलेल्या फडक्याइतकी. राख कशाला, तर कुजताना जो आंबटपणा तयार होतो तो मारायला.

आता खरं काम सुरू होतं, आणि ते करणारे गडी डोळ्यांना दिसत नाहीत. चमचाभर चांगल्या मातीत अब्जावधी जीवाणू असू शकतात. शेणाच्या काल्यातून आणि जुन्या खतातून ते खड्ड्यात येतात आणि खायला लागतात. खाताना उष्णता निघते, खड्डा 65 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तणाचं बहुतेक बी आणि रोगाचे बरेच जंतू त्या उष्णतेत मरतात. पहिल्या महिन्यात जोर बुरशीचा, पांढरी जाळी सगळीकडं पसरते, लाकूड-काडी तीच फोडते. नंतर बुरशी मागं पडते आणि जीवाणू पुढं येतात. पंधरवड्यानंतर एक पालट, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. पालटताना पाणी शिंपडायचं. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार. वास मारला किंवा माश्या झाल्या तर समजायचं की आत हवा पोचत नाही, लगेच पालटायचं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग करायचे.

हे सगळं वावरात का नाही करायचं? थेट पऱ्हाटी, गव्हाचं काड नांगरून गाडून टाकलं तर कुजणारच ना? हा प्रश्न आपल्याकडं दरवर्षी निघतो, आणि हॉवर्ड-वाड यांच्या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट याच्या उत्तरात आहे. जीवाणूला जगायला कर्ब लागतो आणि नत्रही लागतो. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागाला कर्ब 80 भागांच्या आसपास असतो. एवढा कर्ब खायचा तर नत्र कमी पडतो. मग जीवाणू तो कुठून घेणार? शेजारच्या मातीतून. म्हणजे पिकाच्या ताटातून. कच्चं काड गाडलं की पुढचं पीक पिवळं पडतं ते यामुळं. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी जीवाणू मरतात आणि नत्र परत सुटतो, पण तोवर पिकाची वेळ निघून गेलेली असते.

इंदूरच्या खड्ड्यात सुरुवातीचं मिश्रण त्यांनी नत्राच्या एका भागाला कर्ब 33 भाग या मापाच्या आसपास ठेवलं. शेण-मूत्राचा नत्र त्यासाठीच. तीन महिन्यांनी ते माप 10 ला 1 वर येतं. चांगल्या मातीचंही जवळपास तेच माप. जीवाणूंची जी भुकेली झोंबाझोंबी व्हायची ती खड्ड्यातच होऊन जाते, आणि शेतात जातं ते तयार, पचलेलं अन्न. अर्धकच्चं शेणखत टाकून हुमणी आणि तण घरात आणण्यापेक्षा हे बरं. आणि शेतात जाणाऱ्या त्या खतात पुढच्या जीवाणूंना, गांडुळांना पुरेल एवढा कर्ब शिल्लक असतोच.

एकटे परतले

खड्ड्याचं गणित जमलं आणि 1930 च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल वारल्या. जिनिव्हात. पंचवीस वर्षांची जोडी तुटली. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. तिथं त्यांनी गॅब्रिएल यांच्या बहिणीशी, लुईस यांच्याशी लग्न केलं. त्याही शिकलेल्या, लिहित्या बाई होत्या आणि शेवटपर्यंत त्यांनी हॉवर्ड यांच्या कामाला हात दिला.

इंग्लंडात आपलं कौतुक होईल असं त्यांना वाटलं असणार. 1934 मध्ये सर ही पदवी मिळाली खरी, पण संशोधन संस्थांतले लोक त्यांना जवळ करेनात. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी नत्राचे कारखाने निघाले होते, युद्ध संपल्यावर तोच नत्र खत म्हणून शेतात येऊ लागला होता. नत्र, स्फुरद, पालाश मोजून द्या, पीक येतं, एवढाच विचार जोरात होता. हॉवर्ड त्याच्या विरोधात उभे राहिले आणि दिवसेंदिवस जास्त कडवे होत गेले. मळेवाल्यांनी मात्र त्यांचं ऐकलं. चहा-कॉफीच्या मळ्यात पालापाचोळा भरपूर असतो, गोणीच्या खताला पैसे जातात, त्यामुळं त्यांना हिशोब लगेच कळला.

चहाच्या मळ्यांत हिंडताना त्यांना आणखी एक धागा सापडला. इंग्लंडमधल्या रेनर बाई पाइनच्या झाडांवर काम करत होत्या. झाडाच्या मुळीला एक बुरशी चिकटते, ती झाडाला त्रास देत नाही, उलट झाड जोमानं वाढतं, असं त्यांना दिसत होतं. आपण आज तिला मायकोरायझा म्हणतो. हॉवर्ड यांनी कंपोस्ट घातलेल्या चहाच्या मुळ्या तपासून घेतल्या. तिथंही ती बुरशी होती. कापूस, ऊस यांच्या मुळ्यांतही ती असते. त्यांची समजूत अशी होती की मुळी ती बुरशी पचवून खाते. आज कळतं ते थोडं वेगळं आहे. बुरशीचे तंतू मुळीच्या पलीकडं दूर जाऊन स्फुरद गोळा करतात आणि मुळीला देतात, त्या बदल्यात झाडाकडून साखर घेतात. म्हणजे बोट त्यांनी बरोबर जागेवर ठेवलं होतं, कारण चुकलं होतं. जमिनीत स्फुरदाचा मारा जास्त झाला की मुळीवरची ही बुरशी कमी होते, हेही आता माहीत आहे.

1940 मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं, शेतीविषयीचं एक मृत्युपत्रच म्हणा. ते त्यांनी गॅब्रिएल यांच्या आठवणीला वाहिलं. ते वाचून इंग्लंडमध्ये ईव्ह बॅल्फर, अमेरिकेत जेरोम रोडेल असे लोक कामाला लागले. रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. डार्विन यांचं गांडुळांवरचं जुनं पुस्तक 1945 मध्ये पुन्हा छापलं गेलं, त्याची प्रस्तावना हॉवर्ड यांची.

त्यांचं किती घ्यायचं, किती सोडायचं

रासायनिक खत म्हणजे मातीच्या जिवाचा खून, असं हॉवर्ड सरसकट म्हणू लागले होते. हे जसंच्या तसं खरं नाही. आपल्या देशात 1970 पासून ठिकठिकाणी एकाच जमिनीवर वर्षानुवर्षं खतांचे प्रयोग चालू आहेत. काळ्या मातीसाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातही तसा प्रयोग आहे. एकूण चित्र असं दिसतं की नुसता नत्र देत राहिलं तर जमीन आणि पीक दोन्ही खाली येतात, नत्र-स्फुरद-पालाश बेतानं दिलं तर जमीन बऱ्यापैकी टिकते, आणि त्याच्या जोडीला शेणखत दिलं तर सेंद्रिय कर्ब आणि जीवाणूंचं प्रमाण सगळ्यात चांगलं राहतं. पीक जोमदार आलं की मुळ्या, पालाही जास्त पडतो, त्यातून जीवाणूंना खायला मिळतं. म्हणून गोणी वाईट आणि शेण चांगलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मातीतल्या जिवाला खायला घालता की नाही, हा प्रश्न हॉवर्ड यांनी विचारला होता आणि तो अजून तसाच उभा आहे.

याच हिशोबानं बाजारातल्या बाटल्यांकडंही बघावं. जीवाणूंची बाटली आणून उघड्या, पालापाचोळा नसलेल्या रानात ओतली तर त्यातले जीव उपाशी मरतात. हॉवर्ड विरजण म्हणून आपल्याच जुन्या खड्ड्यातलं पाटीभर खत वापरत, फुकटचं.

त्यांच्या पद्धतीची अडचणही लपवण्यात अर्थ नाही. इंदूरला गोठे भरलेले होते, पालटायला मजूर होते. आज गावात ट्रॅक्टर आहे, बैल नाहीत, शेण विकत आणायची वेळ आली आहे. तीन वेळा खड्डा पालटायला माणूस आणायचा कुठून? यावर उत्तर आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या माणसानं काढलं. नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ज्याला आपण नाडेप म्हणतो ते टाकं. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीला भोकं. हवा भोकांतून जाते म्हणून पालटायला लागत नाही, शेणही थोडं पुरतं, वेळ मात्र इंदूरपेक्षा जास्त, साधारण चार महिने. हवा, ओल, काडी आणि थोडं शेण, हिशोब तोच.

कापूसवाल्यांसाठी तर आता आणखी एक कारण आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून बसते. बांधावर रचून ठेवलेली पऱ्हाटी म्हणजे पुढच्या हंगामासाठी तिचं बिऱ्हाड. म्हणून हंगाम संपला की पऱ्हाटी लगेच काढून तिची विल्हेवाट लावा, असं कृषी विद्यापीठं सांगतात. बैलगाड्यांऐवजी आता श्रेडर मिळतो. गावात एकानं आणला तर भाड्यानं दहा जणांचं काम होतं. चुरा केला की तो कुजायला घालणं सोपं. जाळून अळी मरते, पण त्याबरोबर काडीतला कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातं.

1935 च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदूरला गेले होते. हॉवर्ड तोवर निघून गेले होते, पण गांधीजींनी त्यांची संस्था आणि खताचे खड्डे मुद्दाम जाऊन बघितले. त्याच वर्षी त्यांनी "हरिजन" साप्ताहिकात या पद्धतीची माहिती दिली. हॉवर्ड यांच्या पद्धतीत गावचा कचरा आणि मैलासुद्धा खत होत होता, आणि गांधीजींना गावं स्वच्छ करायची होती.

हॉवर्ड यांचा शेवटचा काळ लंडनमध्ये, ब्लॅकहीथला गेला. स्वतःचं छोटं मासिक चालवायचे, पत्रं लिहायचे, भांडायचे. ईव्ह बॅल्फर आणि इतरांनी 1946 मध्ये काढलेल्या सॉइल असोसिएशनमध्येही ते गेले नाहीत, आपलं वेगळंच धरून राहिले. 20 ऑक्टोबर 1947 ला त्यांचं निधन झालं. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. लुईस यांनी नंतर त्यांच्या भारतातल्या पंचवीस-सव्वीस वर्षांवर एक पुस्तक लिहिलं, ते 1953 मध्ये निघालं. इंदूरच्या त्या 300 एकरांवर पुढं 1959 मध्ये शेती कॉलेज सुरू झालं. ते आजही तिथंच आहे.